निर्देशांकातलं सोलापूर

महिन्याचा शेवटचा कामाचा दिवस आला की अण्णा संध्याकाळी चष्मा पुसून मोबाइल घेऊन बसतात. लेबर ब्युरो हे केंद्र सरकारचं खातं त्या सुमारास आदल्या महिन्याचा औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक जाहीर करतं, तो त्यांना हवा असतो. मिळाला की कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला टिपतात. बारा आकडे झाले की बेरीज, भागाकार, आणि मग घरात घोषणा. "तीन टक्के पक्के. चार व्हायला पॉइंट कमी पडतायत." मंत्रिमंडळ महागाई भत्त्याची ही वाढ दोन-तीन महिन्यांनी जाहीर करतं, पण आमच्या घरात निकाल आधीच लागलेला असतो.

अण्णा रेल्वेतून निवृत्त झाले त्याला दोन दशकं उलटून गेली. सोलापूर डिव्हिजनलाच बरीचशी नोकरी. पेन्शन केंद्र सरकारची, म्हणजे महागाईची भरपाईही केंद्राच्या हिशोबाची. कागदोपत्री नोकरदाराला मिळतो तो महागाई भत्ता, म्हणजे डीए, आणि पेन्शनरला मिळते ती महागाई सवलत. पण रेल्वे लाइन्सपासून जुळे सोलापूरपर्यंत कुठल्याही कट्ट्यावर बसा, पेन्शनर "डीए वाढला का" असंच विचारतो.

बरीच वर्षं मला हा म्हातारपणीचा छंद वाटायचा. कुणी शब्दकोडं सोडवतं, हे निर्देशांक टिपतात. मग एकदा त्यांच्या मोबाइलवरची ती पूर्ण यादी मी खाली सरकवत गेलो. निर्देशांक देशातल्या ८८ केंद्रांतल्या भावांवरून काढतात. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, नाशिक, पुणे, ठाणे, आणि त्यांच्या रांगेत सोलापूर.

कोल्हापूर नाही, छत्रपती संभाजीनगर नाही. सोलापूर आहे. सोलापूरकराला आपलं नाव कुठल्याही चांगल्या यादीत दिसलं की छाती फुगते, तशी माझीही फुगली. पण हे काही कुणी उपकार म्हणून दिलेलं नाही. हे गिरण्यांचं गाव. जुनी गिरणी एकोणिसाव्या शतकातली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२० च्या दशकातच मुंबई आणि अहमदाबादसोबत इथल्या गिरणी कामगारांच्याही घरखर्चाची पाहणी केली होती. कामगार काय खातो, ज्वारीवर किती जातात, भाड्यावर किती, पान-तंबाखूवर किती. तेव्हापासून सोलापूरच्या कामगाराचा संसार सरकारी वहीत मांडला जातोय. गिरण्यांचे भोंगे बंद झाले, वहीतलं पान मात्र चालू राहिलं.

आता हे चालतं कसं, ते अण्णांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की झोपेत उठवलं तरी सांगेन. आधी प्रत्येक केंद्रात कामगार कुटुंबांची पाहणी होते आणि त्यावरून ठरतं की शंभर रुपयांतले किती कशावर खर्च होतात. सध्याची मालिका २०१६ ची किंमत १०० धरून चालते. ती २०२० च्या ऑक्टोबरात जाहीर झाली. तिच्यात देशपातळीवर खाण्यापिण्याला ३९.१७ टक्के वजन आहे. घराला १६.८७, कपडे-चपलांना ६.०८, इंधन-दिव्याला साडेपाच, पान-सुपारी-तंबाखू-दारूला २.०७. उरलेले ३०.३१ 'इतर', त्यात औषधपाणी, शिक्षण, प्रवास, मोबाइल असं सगळं कोंबलेलं. मग ठरलेल्या बाजारांतल्या ठरलेल्या दुकानांतून ठरलेल्या वाणाचे भाव सतत टिपायचे. प्रत्येक केंद्राचा आपला आकडा निघतो, आणि सगळ्या केंद्रांची वजनी सरासरी म्हणजे अखिल भारतीय निर्देशांक.

पुढचं गणित पेन्शनचं. बारा महिन्यांची सरासरी घ्यायची. आकडे नव्या मालिकेतले असतील तर २.८८ ने गुणून जुन्या, २००१ च्या मालिकेत आणायचे. त्यातून २६१.४२ वजा करायचे, उरेल त्याला २६१.४२ ने भागायचं, शंभराने गुणायचं. २६१.४२ ही २०१५ ची सरासरी, म्हणजे सातवा वेतन आयोग लागू होण्याच्या आदल्या वर्षाची. थोडक्यात, त्या वर्षापासून भाव किती टक्के चढले तेवढी महागाई सवलत मूळ पेन्शनवर. अपूर्णांक सोडून द्यायचा. जानेवारीचा हप्ता आधीच्या जानेवारी ते डिसेंबरवर, जुलैचा हप्ता आधीच्या जुलै ते जूनवर. जुलै २०२५ ला तो आकडा ५८ टक्क्यांवर पोचला.

यातली एक गोष्ट अण्णा नव्या पेन्शनरांना आवर्जून सांगतात. निवृत्त होताना पेन्शनचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग विकून रोख रक्कम घेता येते. पंधरा वर्षं तेवढी पेन्शन कापली जाते. पण महागाई मोजताना न विकलेली, पूर्ण मूळ पेन्शन धरतात. "बेसिक विकली तरी डीए विकला जात नाही," हे वाक्य ते असं म्हणतात, जणू नियम त्यांनीच लिहून घेतलाय. ऐंशीव्या वर्षी मूळ पेन्शनमध्ये वीस टक्के वाढ मिळते आणि तिच्यावरही महागाई लागते. अण्णांचा ऐंशीवा वाढदिवस आमच्याकडे या कारणासाठी जरा जास्तच थाटात झाला.

सरासरी बारा महिन्यांची असल्यामुळे बाजारातला भडका पेन्शनमध्ये पोचेपर्यंत विझलेला असतो. सोलापूरकराला हे कांद्याने कळतं. आपलं मार्केट यार्ड कांद्याच्या मोठ्या बाजारांपैकी एक, तरी डिसेंबर २०१९ ला आपल्याच मंडईत कांदा शंभरी ओलांडून गेला. अण्णा तेव्हा भाजीवाल्यापुढे उभे राहून म्हणाले होते, "घे, जानेवारीत वसूल करू." २०१९ च्या भाववाढीचा हप्ता जानेवारी २०२० चा. १७ वरून २१ टक्के, चार टक्के वाढ, मार्च २०२० ला मंत्रिमंडळाने मंजूरही केली. मग टाळेबंदी लागली आणि एप्रिलमध्ये आदेश निघाला: जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ हे तिन्ही हप्ते गोठवले. दीड वर्ष पेन्शनर १७ टक्क्यांवरच. जुलै २०२१ पासून एकदम २८ झाले, पण मधल्या अठरा महिन्यांचा फरक मिळाला नाही आणि मिळणार नाही, असं सरकारने संसदेत सांगितलं. कर्मचारी आणि पेन्शनर मिळून ३४,४०२ कोटी रुपये त्यातून वाचले, हेही सरकारनेच सांगितलं.

वीस हजार मूळ पेन्शन असलेल्या माणसाचा हिशोब बघा. पहिले सहा महिने चार टक्क्यांचे ८०० रुपये, पुढचे सहा महिने सात टक्क्यांचे १,४००, शेवटचे सहा महिने अकरा टक्क्यांचे २,२००. एकूण २६,४००. साथीच्या काळात ज्यांची रोजीच बुडाली त्यांच्यापुढे ही तक्रार मोठ्याने करावी असं मला वाटत नाही, आणि अण्णाही ती घराबाहेर करत नाहीत. पण त्या दीड वर्षात एक गोष्ट उघडी पडली. महागाई सवलत गणिताने ठरते हे खरं, पण ती द्यायची की नाही हे शेवटी सरकार ठरवतं. पेन्शन हे सरकारच्या मर्जीचं दान नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ ला सांगून ठेवलंय. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते त्या घटनापीठावर. पेन्शनर लोक अजून तो दिवस साजरा करतात. म्हणजे मूळ पेन्शन हक्काची, आणि तिची किंमत टिकवणारा हप्ता मात्र आदेशाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला.

राज्य सरकारच्या पेन्शनरांना ही वाट आणखी लांब पडते. केंद्राने जाहीर केलं की राज्य काही महिन्यांनी शासन निर्णय काढतं, मग मागल्या महिन्यांचा फरक. आमच्या कॉलनीत झेडपीतून निवृत्त झालेले दोघे-तिघे आहेत. अण्णांचा डीए वाढला की ते अभिनंदन करतात, पण चेहऱ्यावर "आमचं कधी" हे स्पष्ट लिहिलेलं असतं.

माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो. तिथल्या सोशल सिक्युरिटीची वाढ १९७५ पासून आपोआप होते म्हणे, दर वर्षी वेगळा ठराव लागत नाही. जुलै ते सप्टेंबरच्या निर्देशांकाची सरासरी गेल्या वेळच्याशी ताडायची आणि जानेवारीपासून वाढ. भाव चढले नाहीत तर शून्य. २०१० आणि २०११ ला शून्यच होती. २०२३ ला ८.७ टक्के मिळाली. मला गंमत वाटली ती निराळीच. तिथेही म्हाताऱ्यांची पेन्शन पगारदार कामगारांच्या निर्देशांकाला बांधलेली आहे. वृद्धांसाठी वेगळा निर्देशांक तिथे काढतात, पण पेन्शन त्यावर ठरत नाही.

हा मुद्दा आमच्या घरातल्या वादाचा. आई म्हणायची, यांच्या निर्देशांकाच्या टोपलीत शाळेची फी, नवे कपडे आणि कामावर जायचं भाडं. आपल्याला यातलं काय लागतं? आणि जे लागतं ते किती मोजलंय? तिचं म्हणणं बरोबर होतं, पण अर्धंच. अण्णांच्या बीपीच्या, साखरेच्या गोळ्या रेल्वे दवाखान्यातून येतात, फुकट. म्हणजे औषधांची महागाई त्यांच्या पेन्शनमध्ये मोजली जाते आणि खिशातून मात्र जात नाही. त्यांची खरी महागाई निर्देशांकापेक्षा कमीच असेल. उलट दवाखान्यापासून अडीच किलोमीटरपलीकडे राहणारे जे लोक रोजच्या औषधपाण्यासाठी दवाखान्याऐवजी ठरावीक वैद्यकीय भत्ता घेतात, त्यांना महिन्याला हजार रुपये मिळतात. हा हजार जुलै २०१७ पासून हजारच आहे. मूळ पेन्शनला महागाई आहे, औषधाच्या भत्त्याला नाही. डॉक्टरची फी तेव्हापासून कुठे गेली हे विजापूर रोडवरच्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर बसून कळेल.

पण हे सगळे पोट भरलेल्या माणसांचे वाद आहेत. ते मला कळलं ते गिरणीतल्या मामांमुळे.

मामा आमच्या जुन्या वाड्यातले शेजारी. मूळचे शहराच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू, दारात मराठी. तरुणपणी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर टॉवेलच्या कारखान्यात. मामी आयुष्यभर विड्या वळायच्या. सोलापुरात यंत्रमागावर काम करणाऱ्याचा पीएफ कापला जाणं हेच नशीब समजायचं. मामांचा कापला गेला, म्हणून त्यांना पेन्शन आहे. कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ ची. तिचं सूत्र साधं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले सत्तर. पण पगार धरायचा तो ठरलेल्या मर्यादेपर्यंतच. सप्टेंबर २०१४ पूर्वी ही मर्यादा साडेसहा हजार होती. त्यात खाड्यांची नोकरी, मधले बेकारीचे महिने. मामांची पेन्शन भरत होती काही शे रुपये. सप्टेंबर २०१४ ला केंद्राने किमान हजार रुपये केली, तेव्हा मामांनी वाड्यात पेढे वाटले होते.

ते हजार अजून हजार आहेत. त्यांना महागाई लागत नाही.

आता हे दोन्ही शेजारी ठेवून बघा. सोलापूरच्या बाजारात ज्वारीचा, तुरीच्या डाळीचा, शेंगतेलाचा, खोलीच्या भाड्याचा भाव टिपला जातो तो कामगाराच्या संसाराचा भाव म्हणून. मामांसारख्यांच्या घरात शिजतं काय, यावरून टोपली ठरली. त्या टोपलीवर दिल्लीतल्या निवृत्त सचिवाची पेन्शन चढते. निवृत्त न्यायाधीशाची चढते, अण्णांची चढते. अण्णांचं एक वेळ समजू शकतं, कारण या निर्देशांकात कारखाने, खाणी, मळे, बंदरं, वीज, मोटार वाहतूक यांच्यासोबत रेल्वेचे कामगारही धरलेले आहेत. पण ज्याच्या ताटावरून सगळा हिशोब होतो त्या माणसाचं ताट हिशोबात येतं ते फक्त मोजण्यापुरतं.

आणि यात एक बोचरा तपशील आहे. मामा कामावर होते तोवर त्यांनाही महागाई होती. किमान वेतनाबरोबर राज्याचं कामगार खातं विशेष भत्ता ठरवतं, वर्षातून दोनदा, याच जातीच्या निर्देशांकावरून. मालक तो देतो की बुडवतो हा निराळा विषय. कायद्याने तो आहे. म्हणजे हातात ताकद असेपर्यंत सरकार मान्य करतं की बाबा, भाव वाढतायत, याला वाढवून द्या. शेवटच्या पगाराच्या दिवशी भाव वाढायचे थांबतात, असं काही मामांच्या बाबतीत ठरलेलं दिसतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर लेख सोपा होईल. मामांची पेन्शन एका फंडातून येते. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के आणि सरकारचे १.१६ टक्के, दोन्ही पगाराच्या मर्यादेपर्यंत, एवढंच त्यात पडतं. त्यावर महागाई द्यायची तर फंड कोरडा पडेल, असं सरकारचं उत्तर असतं, आणि आकड्यांत ते खोटं नाही. अण्णांची पेन्शन सरळ सरकारी तिजोरीतून जाते, तिथे फंड कोरडा पडायचा प्रश्न येत नाही. पण ही तिजोरी भरते कशी? मामा साबणाची वडी घेतात तेव्हा तिच्यावरचा जीएसटी त्याच तिजोरीत जातो. 'तुमच्या फंडात पैसे नाहीत' हे त्या माणसाला सांगताना निदान सूर थोडा खालचा असावा.

माझी स्वतःची गोष्ट तिसरीच. मी कनिष्ठ महाविद्यालयात लागलो ते १ नोव्हेंबर २००५ नंतर, म्हणजे जुनी पेन्शन हुकलेला. मार्च २०२३ च्या संपात 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत मीही पार्क चौकातून चाललोय. घोषणा देताना सगळ्यांच्या मनात शेवटच्या पगाराची अर्धी रक्कम असते. मला मात्र अण्णांच्या कॅलेंडरामुळे दुसरंच दिसत होतं: अर्धी रक्कम ही पहिल्या महिन्याची गोष्ट, पंचविसाव्या वर्षी ती किती उरते हा खरा प्रश्न. एनपीएसमध्ये, म्हणजे नव्या राष्ट्रीय पेन्शन योजनेत, साठलेल्या पैशातून ॲन्युइटी, म्हणजे दरमहाची ठरावीक रक्कम, विकत घ्यायची आणि ती बहुतेक आयुष्यभर तेवढीच. केंद्राने एप्रिल २०२५ पासून आणलेल्या एकीकृत पेन्शन योजनेत महागाई सवलत परत आली, ते उगीच नाही. आंदोलनाच्या रेट्यात सरकारला जे सोडावं लागलं त्यात हा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि त्याच्यावर सगळ्यात कमी बोललं गेलं.

आठवा वेतन आयोग आता बसलाय. न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई अध्यक्ष, ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस कार्यकक्षा मंजूर, अहवालाला अठरा महिने. कट्ट्यावर एकच शब्द, फिटमेंट, म्हणजे जुन्या मूळ रकमेला ज्याने गुणून नवी काढतात तो आकडा. सातव्याच्या वेळी तो २.५७ होता आणि लोक तो लग्नातल्या आहेरासारखा मिरवत होते. अण्णा त्यातून हवा काढतात. त्या २.५७ पैकी २.२५ म्हणजे जुनी मूळ रक्कम आणि तिच्यावर आधीच चढलेली १२५ टक्के महागाई, फक्त एकत्र बांधलेली. खरी वाढ उरलेल्यातली, साधारण चौदा टक्के. "डीए बेसिकमध्ये घालून आपल्याच खिशातलं आपल्यालाच दाखवतात," असं ते म्हणतात. जानेवारी २०२४ ला महागाई पन्नासवर गेली तेव्हा २००४ सारखी ती मूळ पेन्शनमध्ये मिळवतील, अशी आवई उठली होती. तसं झालं नाही. अण्णांनी त्या आवईवर विश्वास ठेवला नव्हता, कारण तसा आदेश त्यांना कुठे दिसला नव्हता.

मध्यंतरी गड्ड्याच्या यात्रेच्या निमित्ताने मामा घरी आले. होम मैदानावरून चालत आल्यामुळे दमले होते. शेंगापोळी झाली, चहा झाला, आणि अण्णांनी कॅलेंडर काढलं. मला वाटलं आता आठव्या आयोगावर प्रवचन होणार. पण त्यांनी मामांचे हजार रुपये कोऱ्या जागेत लिहिले, २०१५ ची सरासरी धरली आणि निर्देशांकाने गुणले.

"पंधराशे ऐंशी," अण्णा म्हणाले. "तुमची पेन्शन माझ्यासारखी बांधलेली असती तर जुलैपासून पंधराशे ऐंशी आली असती."

"म्हणजे पाचशे ऐंशी जास्ती?" मामांनी विचारलं. "गॅसची टाकी पण येईना की हो त्यात."

"नाही येत."

"मग आमचे पेन्शनवाले साडेसात हजार मागतात, ते कशावरनं मागतात?"

अण्णांनी सांगितलं की किमान साडेसात हजार आणि त्यावर महागाई, अशी ती मागणी आहे. आधी पाया वर उचलायचा, मग निर्देशांक लावायचा. पाया हजारच राहिला तर अठ्ठावन्न टक्के लावले काय आणि शंभर लावले काय. मामांनी मान डोलावली, दोन्ही आकडे माझ्याकडून चिठ्ठीवर लिहून घेतले आणि चिठ्ठी पासबुकात घातली. दत्त नगरात पेन्शनरांची बैठक होती, तिथे बोलायला लागणार होते.

"महिन्याच्या महिन्याला तो आकडा मला पण सांगत जा," निघताना ते अण्णांना म्हणाले. "आमच्याच भाजीचा हाय म्हणता ना."

तेव्हापासून अण्णा दर महिन्याला एक जास्तीचा फोन करतात.